शहरांतील देशी बाग व आमचे बांध

सातारा व सांगली या दोन्ही शहरांत देशी झाडें लावण्याची हौस अलीकडे वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं मुलांच्या शिक्षणानिमित्त शहरांत दोन-तीन गुंठे जागा घेऊन घरें बांधलीं आहेत, आणि अंगणांत काय लावावें अशी पृच्छा ते वरचेवर करितात. त्यांस आम्हांला एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. झाड देशी असलें म्हणजे काम भागलें असें नाहीं. तें त्या जमिनीचें व त्या पाण्याचें असावें लागतें. काळ्या रानांत व माळावर एकच बी कधीं न पेरणारा शेतकरी शहरांत गेला कीं रोपवाटिकेंतील पाटी वाचून दहा रोपें उचलतो व एकाच मापाच्या खड्ड्यांत लावतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

साताऱ्यांत दरवर्षीं १ मे रोजीं गुलमोहर दिवस हौसेनें साजरा होतो. हा सोहळा आम्हांस प्रिय आहे, आणि उभा गुलमोहर तोडा असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. परंतु गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटांतला. त्याचें लांकूड ठिसूळ, मुळें उथळ, आणि वळवाच्या वाऱ्यांत फांदी कोसळावयास वेळ लागत नाहीं. त्याच दिवशीं महाराष्ट्र दिन असतो, व महाराष्ट्राचें राज्यपुष्प जें ताम्हण, तेंही त्याच सुमारास जांभळ्या तुऱ्यांनीं भरलेलें असतें. नवा खड्डा खणतांना त्याची आठवण व्हावी, इतकेंच आमचें म्हणणें. नव्या वसाहतींच्या कुंपणाला जो कोनोकार्पस दिसतो, त्याविषयीं मात्र आम्ही इतके सौम्य नाहीं. गुजरात सरकारनें २०२३ सालीं त्याच्या लागवडीस बंदी केली. आपण ती वाट कशास पाहावी?

आतां सांगलीचा विचार करूं. तेथें पाऊस सरासरी पंचवीस इंचांच्या आसपास. चैत्र-वैशाखांत अंग भाजणारें ऊन, आणि आषाढ-श्रावणांत दमट, कोंदट हवा. जमीन काळी, चिकण, खोल. शिवाय कृष्णेचा पूर आहेच. २००५, २०१९ व २०२१ या तीन वर्षांचे पूर सर्वांच्या स्मरणांत आहेत. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्याही वर चढलें होतें. अशा ठिकाणीं कित्येक दिवस पाण्यांत उभें राहील असेंच झाड पाहिजे. आमच्या एका स्नेह्यानें सखल अंगणांत, मोरीच्या पाण्यालगत, तीन बहावे लावले. बहावा देशी खरा. पण त्याला निचरा लागतो. दुसऱ्या पावसाळ्यांत तिन्हींचीं मुळें कुजलीं, आणि स्नेही म्हणूं लागले कीं देशी झाडें जगत नाहींत! दोष झाडाचा नव्हता. नदीकाठचें झाड नदीकाठीं विचारावें: करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर, वाळुंज, आणि आमचें ताम्हण. यांपैकीं करंज खारवट जमिनींतही तग धरतो, हें पाण्याच्या अतिरेकानें रानें चोपण झालेल्या आमच्या बागाईतदारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

साताऱ्याची गोष्ट निराळी. पाऊस सुमारें चाळीस इंच, पण अजिंक्यताऱ्याच्या उतारावर पाणी ठरत नाहीं, खालीं मुरूम. येथें बहावा, पळस, पांगारा, काटेसावर, आपटा हीं सुखानें वाढतात, आणि झुडपांत धायटी, निर्गुडी, अडुळसा, मुरुडशेंग. मात्र कासच्या पठारावरील फुलझाडें अंगणांत आणण्याचा मोह कोणीही करूं नये. कातळावरील बोटभर मातींत वाढणारे ते कंद कुंडींत जगत नाहींत, आणि पठारावरून मात्र कायमचे जातात.

लहान अंगणाची मांडणी करतांना पहिली दृष्टि पश्चिमेकडे असावी. दुपारचें ऊन तिकडून येतें. म्हणून मोठें झाड तेथें, भिंतीपासून निदान पंधरा फूट अंतरावर, आणि एकच. वड, पिंपळ, उंबर हीं दोन गुंठ्यांत लावणें म्हणजे पुढील पिढीला घराचा पाया उकरावयास लावणें. भिंतीला लागून दाट झाडी करूं नये. पावसाळ्यांत वारा कोंडतो, भिंती ओल धरतात, डांस होतात. स्वयंपाकघरामागें कढीलिंब असावा. त्यावरील अळ्या पाहून औषध मारूं नये, त्यांचींच पुढें मोठीं काळीं फुलपांखरें होतात. चार पानें त्यांनीं खाल्लीं तर आमटी बिघडत नाहीं. दारीं पारिजातक, मांडवावर जुई किंवा माधवीलता. पालापाचोळा न जाळतां झाडाच्या बुडाशींच घालावा.

पण हीं रोपें येणार कोठून? रोपवाटिका लवकर उगवतें व लवकर खपतें तेंच करणार. तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं. देशी बियांचें खरें भांडार आमच्या बांधांवर व ओढ्यांकाठीं होतें, आणि उंसाच्या एका सरीसाठीं तें आम्हीच रितें केलें. मिरज तालुक्यांतील भोसें येथील सुमारें चारशें वर्षांचा म्हणून ख्यात असलेला वड महामार्गाच्या कामांत जाणार होता. २०२० सालीं लोकांनीं आवाज उठविला, रस्त्याची आंखणी बदलली, वड वांचला. पुढें २०२२ च्या जूनांत तो आपोआपच उन्मळून पडला. त्याच्यासाठीं इतके लोक एक झाले हें उत्तमच झालें. परंतु त्याच काळांत बांधांवरून किती करंज व जांभळी गेल्या, याचा हिशेब कोणापाशीं आहे? सांवलीनें ऊंस दबतो ही तक्रार खोटी नाहीं. म्हणून सर्व बांध झाडांनीं भरा असें आम्ही म्हणत नाहीं. ओढ्याकांठ, विहिरीची जागा व वस्तीचा परिसर एवढा तरी राखावा.

कामाला यंदांच लागतां येईल. करंजाच्या व बहाव्याच्या शेंगा उन्हाळ्यांत गोळा कराव्या. बहाव्याचें कवच कठीण, म्हणून बीं गरम पाण्यांत भिजवून लावावें. जांभळाचें बीं टिकत नाहीं. फळ खाल्लें कीं आठवड्याच्या आंत पिशवींत रुजवावें. वाळुंजाची ओली फांदी खोंचली तरी फुटते. ज्यांच्या शेतांत किंवा ओढ्याकाठीं ताम्हण, अर्जुन वा वाळुंज यांचीं जुनीं झाडें उभीं असतील, त्यांनीं गांव, झाडांची संख्या व फळ पिकण्याचा महिना एवढें कार्डावर लिहून आम्हांकडे धाडावें. तीं नांवें आम्ही या मासिकांतून तालुकावार छापूं, म्हणजे शहरांत बाग करणाऱ्यांस बीं कोठें मागावें हें कळेल.