उंटाचीं दोन वशिंडें

आमच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकविणाऱ्या विद्वान् गृहस्थांच्या तोंडीं एक सिद्धांत फार रुळला आहे. तो असा कीं, प्रोग्रॅम रचण्याची बुद्धि उपजत असते. ज्याला ती आहे त्याला शिकवावें लागत नाहीं, आणि ज्याला ती नाहीं त्याला शिकवून उपयोग नाहीं. हा सिद्धांत शिक्षकास किती सोईचा आहे पाहा! मुलगा उत्तीर्ण झाला तर गुरूची विद्या फळास आली. नापास झाला तर त्याच्या कपाळीं बुद्धि लिहिलेली नव्हती. गुरुजी दोन्ही पक्षीं निर्दोष! नाचतां येईना अंगण वांकडें ही म्हण आमच्या पूर्वजांनीं उगीच केलेली नाहीं.

ह्या मताच्या पाठीशीं शास्त्राचा आधार आहे, असें सांगण्यांत येतें. तेव्हां तो आधार आधीं तपासूं. २००६ सालीं इंग्लंडांतील मिडलसेक्स विद्यापीठांत सईद देहनादी व रिचर्ड बोर्नाट यांनीं एक निबंध लिहिला. प्रोग्रॅमिंगच्या वर्गाचे गुण मांडले असतां आलेख दोन वशिंडांच्या उंटासारखा दिसतो, एक वशिंड येणाऱ्यांचें व दुसरें न येणाऱ्यांचें, असा त्याचा भावार्थ. पहिल्या तासाच्या आधींच मुलांना या धर्तीचे प्रश्न घातले होते: ‘अ = १०; ब = २०; अ = ब; तर आतां अ किती व ब किती?’ उत्तर दोन्ही २०. कारण येथें बरोबरीची खूण बीजगणितांतील समानता दाखवीत नाहीं. उजवीकडील किंमत डावीकडील घरांत ठेव, अशी ती आज्ञा आहे. ज्यांनीं, चूक असो वा बरोबर, सर्व प्रश्नांस एकच नियम लावला ते पुढें तरतात आणि बाकीचे बुडतात, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. हा निबंध जगभर हातोहात फिरला. पुढें २०१४ सालीं स्वतः बोर्नाट यांनींच तो मागें घेतला. पण मागें घेतल्याची वार्ता मूळ निबंधाइतकी दूर गेली नाहीं.

त्यानंतर २०१६ सालीं कॅनडांत एलिझाबेथ पटित्सास व त्यांचे सहकारी यांनीं एका मोठ्या विद्यापीठांतील संगणकवर्गांचे ७७८ गुणालेख तपासले. एकाहून अधिक वशिंडांच्या कसोटीस उतरणारे आलेख त्यांत शेंकडा ६ सुद्धां निघाले नाहींत. त्याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. त्यांनीं ५३ प्राध्यापकांस संदिग्ध आलेख दाखविले, तेव्हां ज्यांचा उपजत बुद्धीवर विश्वास होता, त्यांनाच त्यांत दोन वशिंडें अधिक दिसलीं. उंट आलेखांत नसून पाहणाराच्या डोळ्यांत होता!

कोणी म्हणेल, ‘मग वर्गांत रोज दिसणारा भेद खोटा काय?’ भेद खरा आहे. त्याचें कारण मात्र खोटें सांगितलें जातें. एका मुलाच्या घरीं संगणक आहे, वडील त्याच धंद्यांत आहेत, आणि तो शाळेंतच चार प्रोग्रॅम लिहून आला आहे. दुसऱ्यानें कळफलक प्रथम पाहिला तो महाविद्यालयांत. दोघांस एकाच बाकावर बसवून एकाच वेगानें शिकवावयाचें, आणि सहा महिन्यांनीं पहिल्यास बुद्धिमान् व दुसऱ्यास मंद ठरवावयाचें, हा कोठला न्याय? शिवाय ह्या विषयाची रचना जिन्यासारखी आहे. किंमत ठेवणें समजलें नाहीं तर लूप समजत नाहीं. लूप समजला नाहीं तर पुढील सर्व पायऱ्या अधांतरीं. पहिल्या पंधरवड्यांत मागें पडलेला मुलगा अखेरपर्यंत मागेंच राहतो, आणि पंधरवड्याची चूक जन्माची खूण मानली जाते.

त्यांत इंग्रजीची भर. सी ह्या भाषेच्या १९८९ च्या प्रमाणपाठांत राखीव शब्द अवघे ३२ आहेत. तितके पाठ करावयास मराठी शाळेंतून आलेल्या मुलीला दोन संध्याकाळ पुरेत. तिला अडवितें तें पुस्तकाचें, व्याख्यानाचें आणि संगणक चूक दाखवितो त्या संदेशाचें इंग्रजी. तोच विचार मराठींत सांगितला तर तो उणा होत नाहीं. परंतु तसें केलें तर आपला दर्जा उतरेल, अशी भीति आमच्या बंधूंस वाटते!

आणि आम्ही शिकवितों तरी काय? जर्नल! दरसाल तेच प्रोग्रॅम, वरच्या वर्गाच्या जर्नलावरून उतरलेले, शिक्षकाच्या सहीनें पावन झालेले. व्हायव्हाच्या दिवशीं त्यांतील एक ओळ बदलून विचारावी कीं आतां काय होईल, तर उत्तम गुण मिळविणाराही गप्प. आतां तर मागणी करतांच प्रोग्रॅम लिहून देणारीं यंत्रें आलीं आहेत. म्हणजे उतरवून घेण्याचेही श्रम वांचले. लिहिलेलें वाचून त्याची परीक्षा करण्याची शक्ति ज्याच्या अंगीं नाहीं, तो ह्या यंत्रांचा धनी न होतां चाकर होईल.

उपाय अज्ञात नाहींत. १९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ ह्या गणितज्ञांनीं बेसिक ही भाषा निर्माण केली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरतां यावा म्हणूनच. कॅलिफोर्नियांतील हार्वी मड महाविद्यालयानें पहिला अभ्यासक्रम नव्यानें रचला, आणि पूर्वीं प्रोग्रॅम लिहिलेले व न लिहिलेले असे वेगळे वर्ग केले. इतरही उपायांची जोड होतीच. परंतु २००६ च्या सुमारास संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुलींचें प्रमाण शेंकडा १० च्या आसपास होतें, तें सहाएक वर्षांत ४० च्या घरांत गेलें. एवढ्या अवधींत मुलींचे मेंदू बदलले नव्हते. शिकविणें बदललें होतें.

आमच्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें माध्यमिक टप्प्यापूर्वींच, सहावीपासून, कोडिंग आणावयाचें ठरविलें आहे. उपजत बुद्धीचा सिद्धांत त्या कोवळ्या वर्गांत शिरला, तर अकरा वर्षांच्या मुलीला ‘हें तुझें काम नव्हे’ असें सांगितलें जाईल, आणि ती तें खरें मानील. १८४८ सालीं फुल्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली तेव्हांही मुलींस विद्या पचणार नाहीं असें म्हणणारे विद्वान् कमी नव्हते. त्यांचें म्हणणें मुलींनीं शिकून खोटें पाडलें, आणि त्यांना शिकवावयास कोणी तरी उभें राहिलें म्हणूनच तें पडलें.

तेव्हां आमच्या व्यवसायबंधूंस आमचें सांगणें एवढेंच: पहिल्या आठवड्यांत कोण काय शिकून आला आहे तें विचारा, व वर्ग त्याप्रमाणें वेगळे करा. यंत्र चालविण्यापूर्वीं उत्तर काय येईल तें मुलांकडून कागदावर लिहून घ्या. मराठींत समजावून सांगा. जर्नल उतरविणें बंद करा. इतकें प्रामाणिकपणें करून पाहिल्यावरही अर्धा वर्ग बुडाला, तर मग उंटाची गोष्ट खुशाल काढा; तोंपर्यंत बुडालेल्यांच्या बुद्धीचा हिशेब मांडण्याचा अधिकार आपणांस नाहीं.