ताक फुंकून पिणाऱ्यांची बाजू

ज्या कंपनीने २०१९ साली आमची सात रात्रींची सफर नासवली, तिच्याच जहाजावर आम्ही मे २०२३ मध्ये तीन रात्रींसाठी पुन्हा गेलो, याबद्दल आपल्या मंडळींत पुष्कळ बोलले गेले. लग्नात बोलले गेले, मलिद्याच्या ताटाभोवती बोलले गेले, कुपात होलिमच्या बाकावर तर आमच्या देखतच बोलले गेले. काहींनी आम्हाला निर्लज्ज ठरवले. दुसऱ्या काहींनी, आम्ही हसत परत आलो एवढ्यावरून, कंपनीला धुतल्या तांदळासारखी ठरवून टाकले आणि आता तिच्याच लांबच्या सफरीसाठी नावे गोळा करायला सुरुवात केली आहे. आम्हाला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. आम्ही नऊ जण, सगळे पेन्शनवाले, पैकी तिघींचे आयुष्य रुग्णालयाच्या वॉर्डांत गेलेले. आमची बाजू एकदा छापून यावी म्हणून हे लिहीत आहोत. कंपनीचे नाव घालत नाही. ज्यांना ते हवे आहे त्यांना ते ठाऊकच आहे.

प्रथम २०१९ चे. माणशी साडेतीन हजार शेकेल भरले होते. कोचीन-मुंबईच्या वाऱ्या नातवंडांच्या लग्नांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तेव्हा हे पैसे आमच्यासाठी थोडके नव्हते. जेवण गार होते, खोलीत डिझेलचा वास होता, सांतोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून उतरावे लागते, ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेही नव्हती. तिथला समुद्र ज्वालामुखीच्या खोल विवरातला आहे, तिथे मोठ्या जहाजाला नांगर टाकणेही कठीण, हे आम्ही समजू शकतो. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला हे पैसे भरण्यापूर्वी सांगायला काय हरकत होती? ती दिवसभर डेकवर बसून पांढरी घरे पाहत राहिली. पण हे सारे आम्ही विसरलो असतो. ज्यांनी लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने प्रवास केला आहे, ती माणसे गार भाताने रागावत नाहीत.

दोन गोष्टी विसरण्यासारख्या नव्हत्या.

पहिली रोड्सची. आमच्यातील एकीची सून रोड्सच्या ज्यू घराण्यातली. २३ जुलै १९४४ रोजी जर्मनांनी त्या बेटावरच्या ज्यूंना होड्यांत घालून पिरेअसला आणि तेथून आगगाडीने आउश्वित्झला नेले. रोड्स आणि कोस मिळून सुमारे सतराशे माणसे नेली, त्यांपैकी दीडशेच्या आसपास वाचली. सुनेच्या आजीची बहीण वाचली नाही. जुन्या शहरात काहाल शालोम हे १५७७ सालचे सिनेगॉग आहे, आज ग्रीसमध्ये वापरात असलेल्यांत सर्वांत जुने. तिथे नेल्या गेलेल्या कुटुंबांची नावे कोरलेली पाटी आहे. सून आजारी असल्याने येऊ शकत नव्हती. सासू तिच्यासाठी त्या नावाचे छायाचित्र काढून आणणार होती. सफर निवडली ती या एका कारणासाठी, आणि रोड्स गुरुवारी आहे हे पाहून निवडली. पैसे भरल्यावर तीन आठवड्यांनी चिठ्ठी आली की बंदरांचा क्रम बदलला आहे, रोड्स आता शनिवारी. शनिवारी तेथील संग्रहालय बंद असते, आणि उघडे असते तरी शब्बाथला आमची बाई कॅमेरा हाती धरणार नव्हती. आम्ही फोन केला. उत्तर मिळाले, “रोड्स यादीत आहेच की! काय कमी केले आम्ही?” सफर रद्द केली तर दंड आमच्यावर. क्रम बदलण्याचे कारण वादळ नव्हते, युद्ध नव्हते, त्यांच्या सोयीचे होते.

दुसरी गोष्ट आजाराची. चौथ्या दिवशी आमच्यापैकी दोघांना उलट्या-जुलाब सुरू झाले, शेजारच्या खोल्यांतही तेच. जहाजावरील दवाखान्यात सांगण्यात आले, “बोट लागली असेल.” समुद्र तेव्हा ताटातल्या पाण्यासारखा होता, आणि बोट लागून जुलाब होत नाहीत हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळते. तपासणी झाली नाही, म्हणून आजाराचे नाव आम्ही सांगत नाही. पण ज्या रोगाची जहाजांवर सर्वांत अधिक भीती असते तो नोरोव्हायरस कसा पसरतो हे आम्हाला माहीत आहे. थोडेसे विषाणू पुरतात, ते कठड्यावर, चिमट्यावर, दाराच्या मुठीवर दिवसेंदिवस टिकतात, आणि दारात ठेवलेल्या स्पिरिटच्या जेलने ते नीट मरत नाहीत. साबण आणि वाहते पाणी लागते, फरशी-कठड्यांना क्लोरीन लागते. त्या जहाजावर जेवणघराच्या दाराशी जेलची बाटली होती आणि शेकडो हात एकाच चिमट्याने पाव उचलत होते. अमेरिकेच्या बंदरांत येणारी प्रवासी जहाजे तेथील सरकारी आरोग्य खाते १९७५ पासून न कळवता तपासते, शंभरांपैकी गुण देते, पंच्याऐंशी किंवा खाली आले तर नापास, आणि ते गुण जाहीर करते. तेव्हा जहाजाची स्वच्छता मोजता येत नाही असे कोणी म्हणू नये.

मग आम्ही पुन्हा का गेलो? दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो. आमच्यावर हसणाऱ्यांनी म्हणीचा अर्थ असा घेतला आहे की ताक पिऊच नये. फुंकून का होईना, पितो असेच म्हणीत आहे. तीन रात्री, माणशी अकराशे शेकेल, सोमवारी संध्याकाळी हैफाहून निघून गुरुवारी सकाळी परत, मध्ये फक्त रोड्स. बुधवारची सकाळ आमची. विमानाने का गेला नाहीत, असेही विचारले गेले. आमच्यात एक जण चालण्याच्या चौकटीने चालतात. विमानतळ, टॅक्सी, हॉटेलचे जिने, सामान, हे त्यांना विचारा. रोड्सला जहाज लागते तेथून जुन्या शहराचा दरवाजा हाकेच्या अंतरावर आहे. आत गोट्यांचे रस्ते आहेत, तेथे आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरले.

पाटी पाहिली. नाव सापडले. छायाचित्र सुनेच्या घरात लागले आहे. त्याबद्दल याहून अधिक लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

जहाजाबद्दल जे बरे होते ते बरेच म्हणू. जेवणघराच्या दाराशी आता साबण आणि नळ होता, एक माणूस उभा राहून प्रत्येकाला, अगदी श्रीमंत दिसणाऱ्यांनासुद्धा, हात धुवायला लावत होता. वाढप नोकर करत होते, चिमटे प्रवाशांच्या हातून गेले होते. करोनाने शिकवले की लोकांच्या तक्रारींनी, देव जाणे. खोली स्वच्छ होती. भात मात्र पुन्हा गारच.

पण येथेच, नावे गोळा करणाऱ्या आमच्या बांधवांना आम्हाला सांगायचे आहे की तीन रात्रींच्या सफरीने जहाज पास होत नाही. नोरोव्हायरस शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तास जातात. मंगळवारी रात्री किंवा बुधवारी ज्याच्या पोटात तो गेला तो गुरुवारी अश्दोदला आपल्या घरी आजारी पडणार, आणि जहाजाच्या वहीत त्याची नोंद होणार नाही. छोट्या सफरीची वही नेहमीच लांब सफरीच्या वहीपेक्षा स्वच्छ दिसते. म्हणून आम्ही परतल्यावर तीन दिवस रोज संध्याकाळी एकमेकांना फोन करून पोटाची चौकशी केली. (यावरही लोक हसले.) नऊही जण ठीक होते. नऊ माणसांवरून सबंध जहाजाविषयी काही सिद्ध होत नाही, हे आम्हीच सांगतो.

आणि रोड्स बुधवारी मिळाले ते कंपनीने शब्द पाळला म्हणून नव्हे. त्या आठवड्यात क्रम बदलण्याची तिला गरज पडली नाही, इतकेच. तिकिटाच्या मागची बारीक अक्षरे आम्ही भिंगाने वाचली. कोणत्याही कारणाने बंदर, वेळ व क्रम बदलण्याचा अधिकार २०१९ मध्ये होता तसाच्या तसा २०२३ मध्येही होता. समुद्रावरील प्रवाशांसाठी १९७४ चा अथेन्स करार आहे, पण त्यात मृत्यू, इजा आणि सामान यांची भरपाई आहे. पाटी पाहायला न मिळाल्याची भरपाई त्यात कोणी घातलेली नाही. तेव्हा जे काही हवे ते आधी लिहून घेतले पाहिजे.

स्वस्त तिकिटाला भुलून कंपनी आपल्यावर उपकार करते असे समजणारेही आहेत. तिकीट स्वस्त असते कारण कमाई आत होते, पेयांवर, सहलींवर, दुकानांत. आपल्या देशात जुगारघर कायद्याने बंद, म्हणून समुद्रावरच्या कॅसिनोसाठीच छोट्या सफरीला येणारे पुष्कळ. त्यांच्यासाठी रोड्स गुरुवारी की शनिवारी हा प्रश्नच नाही. क्रम बदलला तर ओरडणारे आम्हीच उरतो, आणि आम्ही ओरडत नाही.

हाच आमचा खरा राग आहे आणि तो कंपनीवर कमी, आपल्या माणसांवर अधिक आहे. “चालायचेच” हा आपला शब्द आपण कोकणातून बरोबर आणला आणि या देशात पहिल्या वर्षांत त्याचा उपयोगही झाला. पण २०१९ मध्ये शेवटच्या रात्री अभिप्रायाचा कागद आला तेव्हा शेजारच्या टेबलांवरील आपल्या मंडळींनी ‘उत्तम’वर खुणा केल्या. का? तर आमच्या मजल्यावरचा नोकर मडगावचा, कोकणी बोलणारा, पोराच्या वयाचा. कमी गुण पडले तर त्याच्यावर येईल म्हणून. दया चांगली. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २०१३ पासून अंमलात आहे, त्यात दिवसाला किमान दहा तास विश्रांती सांगितली आहे, म्हणजे चौदा तास राबवणे नियमात बसते. छोट्या सफरीत दर तीन-चार दिवसांनी जहाज रिकामे करून काही तासांत पुन्हा भरायचे असते, त्या मुलाचे काय होत असेल पाहा. पण त्याला दिलेले गुण कंपनी आपल्या माहितीपत्रकात स्वतःच्या नावाने छापते. वॉर्डात आम्ही हे आयुष्यभर पाहिले. चादरी कमी पाठवणार कार्यालय, आणि रोगी एक तर नर्सवर ओरडणार किंवा नर्सची कीव येऊन कार्यालयाला धन्यवादाचे पत्र लिहिणार. मुलाचे नाव घालून त्याची स्तुती वेगळ्या कागदावर लिहावी, आणि कार्यालयाला जे सुनवायचे ते त्याच्या पत्त्यावर पाठवावे. बहिष्कारवाल्या मंडळींनीही एक ओळ लिहून पाठवलेली नाही. न गेलेला प्रवासी का गेला नाही हे कंपनीला स्वप्नात दिसत नाही.

आम्ही लिहिले. २०१९ नंतर एकदा, २०२३ नंतर पुन्हा. मागणी एकच होती की निघण्यापूर्वी कंपनीने आपल्या सोयीसाठी बंदराचा दिवस बदलला तर प्रवाशाला दंडाशिवाय पूर्ण पैसे परत मिळावेत, आणि हे तिकिटावर लिहिलेले असावे. दुसऱ्या पत्राला दहा टक्के सवलतीचे कूपन आले. मागणीविषयी त्यात एक शब्द नव्हता. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ आला, आणि सफरींची भाषाच कोणाच्या तोंडी राहिली नाही. त्या काळात कूपनची मुदत संपली.

आता पुन्हा लांबच्या सफरीच्या याद्या होत आहेत. यादी करणाऱ्या बंधुभगिनींनी पैसे गोळा करण्याआधी ही एक ओळ कंपनीकडून लिहून आणावी. आमच्या पत्राची प्रत हवी असल्यास आनंदाने देऊ. तीन रात्रींची यादी असेल तर आम्हा नऊ जणांना जरूर विचारा. सात रात्रींच्या यादीत, ते लेखी उत्तर हाती येईपर्यंत, आमची नावे धरू नयेत.