माहेरीच मुखावर पदर?

त्र्यंबकेश्वरी प्रथमच आलेला यात्रेकरू कुशावर्तात बुडी मारतो, ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतो आणि भाबडेपणाने विचारतो, "गोदावरी कुठे आहे हो?" प्रामाणिक उत्तर एकच आहे, "आपल्या पायांखाली!" ब्रह्मगिरीवर औदुंबराच्या मुळाशी प्रकटणारी दक्षिणगंगा गावात शिरते आणि काँक्रीटच्या स्लॅबखाली दिसेनाशी होते. वर रहदारी आणि दुकाने. खाली अंधार आणि सांडपाणी. पुढे १४६५ किलोमीटर वाहत जाऊन दख्खनची तहान भागविणाऱ्या या नदीने आपल्या माहेरीच तोंड झाकून चालावे, यासारखी विटंबना ती कोणती?

गौतम ऋषींनी कुशाच्या पात्यांनी गंगेचा ओघ अडविला, ते कुशावर्त, असे आपली परंपरा सांगते. त्या अडविण्यात लोककल्याणाची तळमळ होती. आपण अडविले ते सोयीसाठी. गौतमांच्या हाती दर्भ होता, आपल्या हाती सिमेंट आहे, एवढाच काय तो 'विकास'!

नाशिकनेही हाच मार्ग धरला. २००३च्या सिंहस्थाच्या तयारीत गोदापात्रातील प्राचीन कुंडांचे तळ काँक्रीटने बांधून काढण्यात आले. पुढे एप्रिल २०१६मध्ये रामकुंड कोरडे पडले आणि तेथे टँकरने पाणी आणून ओतावे लागले. त्या वर्षी दुष्काळ होता, हे मान्य. परंतु दुष्काळात साथ देतात ते तळाचे जिवंत झरेच. त्यांचीच मुखे आपण बंद करून बसलो होतो.

झऱ्यांचे मूळ डोंगरात असते. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी साठवितो तो आपल्या भेगांमधून आणि थरांमधून; वरची झाडे व माती ते पाणी हळूहळू आत सोडतात. उतार बोडका झाला, पायथा पोखरला गेला, की पावसाचे पाणी चार तासांत वाहून जाते आणि उन्हाळ्यात हाती धोंडे उरतात. २०२१मध्ये ब्रह्मगिरीच्या परिसरातील खोदकामाविरुद्ध नागरिकांना आंदोलन करावे लागले. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ज्या पर्वताला आपण श्रद्धेने प्रदक्षिणा घालतो, त्याच्या रक्षणासाठी उभे राहिले ते मूठभर लोक. आपण उरलेले कुठे होतो?

"लाखो भाविक येणार, त्यांच्यासाठी रस्ते नकोत, घाट नकोत?" असा प्रश्न विचारला जाईल. अवश्य हवेत! परंतु पर्व नदीसाठी आहे, नदी पर्वासाठी नव्हे. २०२६-२७च्या सिंहस्थातील साधुग्रामासाठी तपोवनातील वृक्ष तोडण्याचा प्रस्ताव २०२५च्या अखेरीस आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. तपोवनातून वन काढले तर उरते काय? ज्या साधूंसाठी हे चालले आहे, त्यांचे तप वृक्षांच्याच सावलीत फुलले, याचा विसर पडावा?

७४व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षण व नागरी वनीकरण ही कामे नगरसंस्थांच्या कक्षेत आणली आहेत. तेव्हा मागणी स्पष्ट असावी. सांडपाण्याचा एक थेंबही गोदेत जाऊ नये. जेथे शक्य असेल तेथे स्लॅब काढून नदीला आकाश दाखवावे. गंगासागर व गौतम तलावांतील गाळ पावसाळ्यापूर्वी निघावा. ब्रह्मगिरीच्या उतारावर उंबर, जांभूळ, करंज लागावेत आणि तेथे सुरुंगाचा आवाज पुन्हा ऐकू येऊ नये.

मात्र सारा दोष शासनाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. धार्मिक विधीनंतर तीर्थात कपडे व निर्माल्य सोडणारे हात आपलेच आहेत. आपल्या श्रद्धेवर कोणी टीका केली की आपण पेटून उठतो; श्रद्धास्थानाची दुर्दशा मात्र निमूट पाहतो. गोदावरीसाठी नागरिकांना हरित न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागले, ही त्यांची तक्रारखोरी नव्हे, ती आपल्या समाजाची नामुष्की आहे. जी नदी आपले पाप धुते, असे आपण मानतो, तिच्याशी केलेले पाप धुण्यासाठी आपण कोणत्या तीर्थावर जाणार आहोत?