मंत्र्याला पत्र लिहिणे हा अपराध आहे काय?

17 ऑक्टोबर 1940 रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठच्या याच पवनारात विनोबा भावे नावाच्या एका कृश देहाच्या पुरुषाने, पाठीशी सेना नसताना, हाती पद नसताना, अवघे जग महायुद्धाच्या वणव्यात होरपळत असताना, तुमच्या युद्धाला आम्ही माणूस देणार नाही आणि पैसाही देणार नाही, असे पृथ्वीवरील बलाढ्य साम्राज्याला उघड बजावले. चार दिवसांनी त्यांना अटक झाली. परकीय सत्तेकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

सुमारे ऐंशी वर्षांनी, 2020 च्या जुलैत, स्वकीय सत्तेने काय केले ते पाहा. बंदरे, खाणी, कारखाने आणि महामार्ग यांच्या पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन कसे करावे, याच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने टाळेबंदीच्या काळात पुढे रेटला. पूर्वपरवानगीवाचून उभारलेल्या प्रकल्पाला मागाहून पावन करून घेण्याची सोय त्यात होती. जनतेला म्हणणे मांडण्यासाठी असलेली तीस दिवसांची मुदत वीसवर आणण्याचा घाट त्यात होता. ‘फ्रायडेज फॉर फ्युचर’ या पर्यावरण चळवळीतल्या तरुण मुलामुलींनी दगड उचलला नाही, रेल्वे अडवली नाही, सरकारनेच मागविलेल्या हरकती त्यांनी पर्यावरणमंत्र्यांना ईमेलने धाडल्या आणि इतरांनाही धाडायला लावल्या. मंत्री होते पुण्याचे प्रकाश जावडेकर. एकाच विषयाची पत्रे वारंवार येतात, अशी त्यांची तक्रार झाली, मुलांचे संकेतस्थळ बंद पडले, आणि दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेने नोटीस काढली ती दहशतवाद्यांसाठी राखून ठेवलेल्या यूएपीए कायद्याखाली! बोभाटा झाल्यावर ती नोटीस चुकून निघाल्याचे सांगून मागे घेण्यात आली. चुकूनसुद्धा ज्या सरकारच्या लेखणीतून विद्यार्थ्यासाठी दहशतवादाचे कलम उमटते, त्या सरकारच्या मनात विद्यार्थ्याविषयी काय वसत असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

याहून लज्जास्पद प्रकार पुढचा. हा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत प्रसिद्ध करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी फर्मावले. ज्याच्या दारात बंदर येणार त्या डहाणूच्या मच्छीमाराला, ज्याच्या शिवारात खाण येणार त्या वणीच्या शेतकऱ्याला, आपल्या नशिबाचा कागद आपल्या मायबोलीत वाचता यावा, एवढीच ती आज्ञा होती. सरकार त्या आज्ञेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धावले. कोट्यवधींच्या जाहिराती मराठीत छापणाऱ्यांना हा एक कागद तेवढा मराठीत नको होता!

‘समुद्राची उठाठेव मुंबईकरांनी करावी, वर्ध्याच्या पोरांना त्याचे काय?’ असा उपहास, इथली मुले समुद्रासाठी पत्रे लिहू लागली की, पारापासून पक्षकार्यालयापर्यंत ऐकू येतो. तो करणाऱ्यांनी शाळेतला भूगोल पुन्हा उघडावा. धाम वणेला मिळते, वणा वर्धेला. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती सिरोंच्यापाशी गोदावरीत उतरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. पवनारच्या पुलावरून फेकलेल्या पिशवीचा अंतिम पत्ता समुद्र हाच आहे. आणि त्याच उपसागरात उठणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांकडे डोळे लावून इथला कास्तकार कपाशी टोबतो, तुरीच्या ओळी धरतो. समुद्र तापला, बिघडला, तर पहिला हप्ता थकतो तो हिंगणघाट-देवळीच्या शेतकऱ्याचा.

मुंबईत काय चालले आहे? कांदळवनांचा विध्वंस हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठणकावले. त्याच न्यायालयाच्या परवानगीने, डिसेंबर 2025 मध्ये, वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्यासाठी पंचेचाळीस हजारांहून अधिक कांदळ तोडण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि भरपाई वनीकरणासाठी शंभरावर हेक्टर जमीन निघाली कुठे, तर आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात! खारफुटी कापायची समुद्रावर आणि पुण्य लावायचे कोळशाच्या खाणींच्या मुलखात! भरतीच्या लाटा अडवणारे, मासळीच्या विणीला आसरा देणारे ते वन, शेकडो कोस दूर कोरड्या जमिनीत लावलेल्या रोपांनी कसे भरून निघणार, हा प्रश्न सातवीतली मुलगी विचारते. ज्यांनी उत्तर द्यायचे ते फीत कापायला गेलेले असतात.

आणि आपण? 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या काही अस्थी पवनारला धामेच्या ज्या पाण्यात विसर्जित झाल्या, त्याच पाण्यात दर गणेशोत्सवात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचे हातपाय उघडे पडतात, निर्माल्य पिशवीसकट बुडते. वास्तविक राज्यात प्लास्टिकबंदी 2018 च्या जूनपासून लागू आहे. पवनारच्या सर्वोदय मेळ्यात सूत गुंडाळणारा पुढारी त्या काठावरून खाली नजर टाकत नाही, कारण खाली पाहिले तर आपलेच प्रतिबिंब त्या गाळात दिसेल. मुले मात्र खाली पाहतात, आणि पाहिलेले लिहून पाठवतात, म्हणून ती नकोशी होतात. त्यांना ‘देशाचे भवितव्य’ म्हणून व्यासपीठावर हार घालायचा आणि त्यांचे पत्र आले की ते टपालाच्या गठ्ठ्यात गाडायचे, हा दुटप्पीपणा आता या जिल्ह्याने सहन करू नये.

सज्ञान मतदाराच्या अर्जाला जी पोच मिळते ती या मुलांच्या अर्जालाही मिळालीच पाहिजे. मत नाही म्हणून म्हणणे नाही, हा न्याय कोणत्या संविधानातला? आम्ही वर्ध्याच्या खासदारांना आणि जिल्ह्यातील प्रत्येक आमदाराला उघड विचारतो: धामेत किती सांडपाणी विनाप्रक्रिया मिसळते, विसर्जनासाठी कृत्रिम कुंडे पुरेशी का नाहीत, चंद्रपुरातली झाडे मुंबईच्या भरतीला कशी अडवणार, यांपैकी एक तरी प्रश्न आपण सभागृहात विचारला आहे काय? विचारला असेल तर तारीख सांगा.

नसेल, तर तसे त्या मुलांना सहीनिशी लिहून द्या.