नाव-पत्ता विचारा, जात नव्हे!

मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद. शहर कुठलेही असो, चित्र एकच आहे. नवरा-बायको दोघेही नोकरीला. आई-वडील गावी. बाळंतपणाची रजा संपली की तान्ह्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न दारात उभा राहतो. पाळणाघर संध्याकाळी बंद होते, कचेरी मात्र सुटत नाही. मग कोणीतरी एजन्सीचा फोन नंबर देतो आणि दोन दिवसांत 'चोवीस तासांची बाई' घरात दाखल होते. साधी मोटारसायकल घेताना दहा जणांना विचारणारा माणूस पोटचे पोर ज्या हातात द्यायचे, त्या हाताची दहा मिनिटेही चौकशी करीत नाही!

हा प्रश्न बंगलेवाल्यांचा, त्याच्याशी चळवळीचा काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या मंत्रामुळे आपल्या समाजातील एक पिढी बँकेत, शाळेत, मंत्रालयात, रुग्णालयात नोकरीला लागली. तिच्याही घरात आज मूल सांभाळायला बाई लागते. त्याच वेळी आपल्याच वस्त्यांमधील असंख्य भगिनी दुसऱ्यांची मुले सांभाळायला जातात. म्हणजे दाराच्या आतही आपण आहोत आणि दाराबाहेरही आपणच आहोत. म्हणून या व्यवहाराकडे दोन्ही बाजूंनी पाहण्याची जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा जास्त आहे.

बाई ठेवताना आपल्याकडे चौकशी होतच नाही असे नाही. होते, पण कशाची? आडनावाची! सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यात हवामान खात्यातील एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकिणीविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. मूळ तक्रार चोरीची नव्हती, कामचुकारपणाची नव्हती. तिने जात लपवली आणि आमचे सोवळे मोडले, ही तक्रार होती. पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. महाराष्ट्रभर संताप उसळल्यावर तक्रार मागे घेतली गेली. आकाशातील ढगांचा अभ्यास करणारे शिक्षण डोक्यातील जात काढू शकले नाही, एवढे त्यातून दिसले. पण दुसरी गोष्टही दिसली. आपल्या समाजात 'खात्रीची बाई' या शब्दाचा अर्थ 'आपल्यातली बाई' असा होतो. जात कळली की माणूस कळला, हा भ्रम आहे. तो अन्यायकारक तर आहेच, शिवाय धोकादायकही आहे. कारण आडनाव ऐकून समाधान झालेला माणूस पुढचे प्रश्न विचारतच नाही.

पुढचे प्रश्न न विचारल्याने काय होते? नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या मुलीला केलेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा पालकवर्ग हादरला. ते तर पाटी लावलेले, अनेक मुले येत असलेले ठिकाण होते. मग बंद दाराआड, एकट्या बाईच्या ताब्यात दिवसभर असलेल्या मुलाचे काय? बोलता न येणारे मूल तक्रार करीत नाही. म्हणून पालकांची काळजी खोटी नाही. तिला 'श्रीमंतांची नाटके' म्हणून हिणवणे चूक ठरेल.

पण याच नाण्याची दुसरी बाजू फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरुग्राममध्ये उघड झाली. तान्ह्या मुलीला सांभाळण्यासाठी एका नोकरदार जोडप्याने प्लेसमेंट एजन्सीमार्फत झारखंडची एक अल्पवयीन मुलगी आणली होती. तिला उपाशी ठेवले, अमानुष मारहाण केली. ती सुटली तेव्हा तिच्या अंगावर जखमाच जखमा होत्या. जोडप्याला अटक झाली. आता विचार करा, त्या व्यवहारात चौकशी कोणी केली होती? एजन्सीने मुलीचे वय तपासले नाही. मालकांनी विचारले नाही. आणि ज्या घरात मुलगी जाणार ते घर कसे आहे, हे तर कोणाच्या मनातही आले नाही. चौकशी न करता बाई ठेवण्याचा धोका फक्त मालकाला असतो, हा समज या एका प्रकरणाने खोडून काढला.

चौकशी आणि संशय यांतही फरक आहे. मे २००८ मध्ये नोएडात एका शाळकरी मुलीचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी प्रथम घरच्या नोकरालाच संशयित ठरवले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडले! जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्यात अभिनेता सैफ अली खान याच्या घरात चोर शिरला, तेव्हा त्याला आधी सामोरी गेली ती मुलाची काळजी घेणारी बाई. तीही जखमी झाली. गरीब म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण मांडणाऱ्यांनी या दोन घटना लक्षात ठेवाव्यात. संशयाने मूल सुरक्षित होत नाही. माहितीने होते.

मग ही माहिती कोणाकडे असते? दलालाकडे. आणि खरी मेख इथेच आहे. गुमास्ता परवाना भिंतीवर लावला म्हणजे एजन्सीने बायकांची पडताळणी केली, असे होत नाही. तो केवळ धंद्याच्या नोंदणीचा कागद. अनेक दलाल मालकाकडून कमिशन घेतात, बाईच्या पगारातूनही कापतात आणि काही बिघडले की फोन बंद करतात. छत्तीसगडने २०१३ मध्ये आणि झारखंडने २०१६ मध्ये अशा एजन्सींवर कायदा केला. दिल्लीने २०१४ मध्ये आदेश काढला. कारण त्यांच्या आदिवासी मुली या बाजारात विकल्या जात होत्या. महाराष्ट्राचा २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा नोंदणीचा आणि कल्याणाचा आहे. दलालाला वेसण घालणे हा त्याचा हेतूच नाही.

२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर घरात कोंडलेल्या अवस्थेत सापडलेल्या एका घरकामगार स्त्रीचे प्रकरण होते. न्यायालयाने मालकावरील आरोप रद्द केले. पण त्याच निकालात घरकामगारांना संरक्षण देणारा देशव्यापी कायदा नाही याची दखल घेऊन केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामाचे तास आणि स्त्री कामगारांचे हक्क यांसाठी झगडा केला. ते हक्क कारखान्याच्या फाटकाशीच थांबले. फ्लॅटच्या दारातून ते आत शिरलेच नाहीत!

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात काय आहे? बाई ठेवणाऱ्याने मूळ ओळखपत्र पाहावे, प्रत ठेवावी, मूळ कागद मात्र ताबडतोब परत करावा. वय अठराच्या खाली वाटले तर ठेवूच नये. आधी जिथे काम केले त्या घरी स्वतः बोलावे. दलालाने दिलेल्या चिठ्ठीवर विसंबू नये. गावाकडचा पत्ता आणि नातेवाइकाचा फोन घ्यावा. जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी. पण पोलीस पडताळणीतून फार तर जुना गुन्हा कळतो. मूल रडले तर ही बाई काय करते, ते कळत नाही. त्यासाठी पहिले काही दिवस घरातल्या कोणीतरी रजा घेऊन सोबत राहावे. कॅमेरा लावायचा असेल तर तिला सांगून लावावा. ती झोपते, कपडे बदलते तिथे लावू नये.

तिलाही विचारू द्यावे. झोपायला जागा कुठे? साप्ताहिक सुट्टी कधी? पगार माझ्या हातात की दलालाच्या? रात्रभर बाळ घेऊन बसल्यावर दिवसा झोप मिळेल का? हे सारे कागदावर असावे. रात्र-रात्र जागलेली, अर्धपोटी, घरी फोन करायची मुभा नसलेली बाई हाच मुलासाठी सर्वांत मोठा धोका असतो. तिच्या हक्काचा आणि मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न एकच आहे. तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला तर २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हेही तिला माहीत असले पाहिजे.

यात चळवळीने पुढाकार घ्यावा. प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात घरकाम करणाऱ्या भगिनींची नोंदवही ठेवता येईल. कोण कुठे कामाला आहे, एजन्सी कोणती, पगार किती, शेवटचा फोन कधी आला, एवढे लिहिले तरी एखादी बाई गुपचूप नाहीशी होणार नाही. ज्या कुटुंबाला बाई हवी त्यालाही तिथून खरी माहिती मिळेल, दलालाची गरजच उरणार नाही. आणि ज्या आस्थापनांत पन्नास किंवा अधिक कर्मचारी आहेत, तिथे पाळणाघर देण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. आपल्या कर्मचारी संघटनांनी ती अमलात आणण्याची मागणी लावून धरली, तर मूल घरी परक्या हाती सोपवण्याची वेळच कित्येकांवर येणार नाही.

तेव्हा चौकशी जरूर करा, कसून करा. बाईचीही करा, एजन्सीचीही करा, आणि बाईने घराचीही करावी. फक्त त्या चौकशीत जातीचा रकाना नको.