क्रोनुलाचा किनारा आणि लाल-पिवळी बुर्किनी

११ डिसेंबर २००५ ला सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर सुमारे पाच हजारांचा जमाव जमला आणि अरब दिसेल त्याला मारहाण झाली. निमित्त आठवडाभर आधीचं. लेबनानी वंशाच्या तरुणांशी झालेल्या भांडणात स्वयंसेवक जीवरक्षकांना मार बसला होता. तेही चूकच, हे मान्य करायला हवं.

नंतर मुस्लिम तरुणांना जीवरक्षक क्लबात आणायचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्यातून २००७ मध्ये मेक्का लाला ही तरुणी लाल-पिवळी बुर्किनी घालून गस्तीला उभी राहिली. सवलत नाही. २०० मीटर धावणं, २०० मीटर पोहणं, पुन्हा २०० मीटर धावणं, आठ मिनिटांच्या आत. परीक्षा सगळ्यांना हीच. मग सप्टेंबरअखेर ते एप्रिल, सुट्टीच्या दिवशी बिनपगारी गस्त. बराचसा वेळ लोकांना दोन झेंड्यांच्या मध्येच पोहा, हे सांगण्यातच जातो.

एका मुलीमुळे द्वेष संपला नाही. पण किनारा कुणाचा, यावरून दंगल झाली होती. तिथे हिजाबवाली मुलगी बुडणाऱ्याला वाचवायला उभी होती. ही गोष्ट छोटी नाही.

आपल्याकडे बुर्किनी जायज की नाजायज यावर तासभर बहस होते, पोहायला शिकवायचं राहूनच जातं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, त्यात मुली जास्त होत्या. परवा वर्गात विचारलं, पोहता कुणाला येतं? मुलींच्या बाकांवरून एकही हात वर आला नाही.