जुना माल फुकट सोडला तर धंदा बुडतो का?

किंमत कशी ठरवायची या व्हिडिओनंतर एका गृहस्थांनी मला विचारलं, ‘सर, आमचं डॉसवरचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर आता कोणी विकत घेत नाही. फुकट सोडून दिलं तर नाव खराब होईल का?’

पटकन ‘नाही’ म्हणणार होतो, पण थांबलो. कारण हे काम काहींनी फार छान केलंय आणि काहींनी घोळ घातलाय.

छान केलेलं आधी सांगतो. इंग्लंडमध्ये रिव्होल्यूशन सॉफ्टवेअर नावाची गेम बनवणारी छोटी कंपनी आहे. १९९४ मध्ये त्यांनी ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा गेम काढला, डॉस आणि अमिगा कॉम्प्युटरसाठी. पुढे अमिगा बाजारातून गेला, डॉस मागे पडलं. घरात गेम असला तरी नव्या मशीनवर तो धड चालेना. म्हणजे माल गोदामात पडून, आणि गिऱ्हाईकही तो विसरायला लागलेलं. त्याच वेळी स्कमव्हीएम नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवायच्या खटपटीत होता. रिव्होल्यूशनने त्यांना आपला सोर्स कोड दिला आणि २००३ मध्ये अख्खा गेम फ्रीवेअर केला.

आता इथे बरेच जण चुकतात. फ्रीवेअर म्हणजे मालकी सोडणं नव्हे. वापरायला फुकट, पण मालक आपणच. रिव्होल्यूशनचं लायसन्स जेमतेम अर्ध्या पानाचं आहे. गेम कोणालाही द्या, मासिकाच्या सीडीवर टाका, कॉपी करण्याचा वाजवी खर्च घ्या. पण गेमचे म्हणून पैसे घ्यायचे नाहीत, त्यात बदल करायचा नाही, आणि आमचं नाव व हा कागद सोबत राहिला पाहिजे. बस्स.

पुढे काय झालं? २००९ मध्ये त्याच गेमची सुधारलेली आवृत्ती आयफोनवर आली, पैसे देऊन घ्यायची. २०२० मध्ये ‘बियाँड अ स्टील स्काय’ हा पुढचा भाग आला. फुकट दिला म्हणूनच हे सगळं झालं, असा दावा मी करणार नाही. पण मधल्या काळात गेम चालता राहिला, नवी पोरं तो खेळत राहिली, आणि नव्या मशीनवर आणायचं किचकट काम स्वयंसेवकांनी केलं. एवढी जाहिरात विकत घ्यायला गेलात तर किती पडेल, विचार करा.

आता घोळ. सीपी/एम ही १९७० च्या दशकातली ऑपरेटिंग सिस्टीम. ती बनवणारी डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नॉव्हेलने घेतली, पुढेही हक्क हात बदलत गेले. २००१ मध्ये हक्कदारांनी फुकट वाटायची परवानगी दिली, पण पत्रात नाव एकाच वेबसाइटचं. मग बाकीच्यांनी वाटायचं की नाही? २०२२ मध्ये ‘सगळ्यांना परवानगी आहे’ असं स्पष्ट केलं गेलं, तेव्हा कुठे शंका मिटली. एका वाक्यापायी २१ वर्षं! मन मोठं होतं हो, कागद कच्चा होता.

दुसरी अडचण डूमची. १९९७ मध्ये आयडी सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स कोड खुला केला, पण मूळ डॉसचा नाही, लिनक्सचा. का? डॉसच्या कोडमध्ये आवाजाचा भाग दुसऱ्याकडून घेतलेला होता. जे आपलं नाही ते वाटता येत नाही. (गेममधली चित्रं आणि लेव्हल मात्र त्यांनी विकायला ठेवल्या. हुशार लोक!)

आणि ‘विक्री बंद झाली म्हणजे हक्क संपला’ हा समज डोक्यातून काढा. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर हे साहित्यकृतीसारखं धरतात. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. तुम्ही गप्प बसलात तर लोक चोरून वापरतील, किंवा भीतीपोटी हातच लावणार नाहीत.

माझं मत विचाराल तर आधी विकून बघा. जीओजी नावाचं दुकान २००८ पासून जुने गेम विकतंय आणि लोक घेतायत. सहा महिन्यांत एकही ऑर्डर आली नाही, तर मात्र कुलूप लावून ठेवण्यात काही अर्थ नाही.

त्या गृहस्थांना मी उलटा प्रश्न केला, ‘सॉफ्टवेअर लिहिलं कोणी?’

‘मी आणि माझा पार्टनर, १९९८ मध्ये. तो आता संपर्कात नाही.’

म्हटलं, साहेब, मग आधी पार्टनरचा नंबर शोधा. त्यांची लेखी संमती आली की लायसन्सचा मसुदा आपण सोबत बसून लिहू.